जावयाची खुर्ची

धुलाईच्या कारखान्यात, ऑफिसच्या खिडकीशी, एक गादीची खुर्ची होती. तिला सगळे जावयाची खुर्ची म्हणत. कामावर ज्याला लागलं, भाजलं, त्याने दुसऱ्या दिवसापासून त्या खुर्चीत येऊन बसायचं. न्यायला-आणायला कारखान्याची गाडी, डोक्यावर पंखा, दोन वेळा चहा आणि काम म्हणाल तर शून्य. बायका म्हणायच्या, आमच्या नवऱ्यालाही सासुरवाडीत एवढा मान मिळाला नव्हता.

मान अर्थातच फुकटचा नव्हता. दुखापतीमुळे माणूस दोन दिवसांपेक्षा जास्त कामावर आला नाही, तर ते अपघाताच्या वहीत लिहायचं आणि सरकारी कार्यालयाला कळवायचं, असा नियम होता. खुर्चीतला माणूस हजेरीपटावर हजर असायचा. मग कळवायचं काय, डोंबल? वहीत महिन्याच्या महिन्याला एकच शब्द पडायचा, निरंक, आणि त्याखाली थोरलीची सही.

थोरली म्हणजे ऑफिसात नोंदी ठेवणारी बाई. तिची जाऊ त्याच कारखान्यात इस्त्रीच्या रोलरवर होती, म्हणून दोघींना तिथेही थोरली आणि धाकटी हीच नावं पडली होती. घरी स्वयंपाकघर एकच, त्यामुळे अधूनमधून कुरबुर व्हायची, पण ती ओट्यापुरती. थोरली काही दुष्ट नव्हती. तिला कोऱ्या वहीचा अभिमान होता, इतकंच. कोरी वही म्हणजे सुखरूप माणसं, असं तिने स्वतःला पटवलं होतं, आणि अशी समजूत एकदा पटली की अंगाला तेलासारखी मुरते.

एका मंगळवारी सकाळी तापलेल्या रोलरमध्ये चादर तिरकी गेली. धाकटीने नेहमीसारखी चालत्या यंत्रावरच सुरकुती सरळ केली आणि चादरीबरोबर उजव्या हाताची चार बोटं आत गेली. यंत्र थांबवून रोलर उलटा फिरवेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. कारखान्याच्या डॉक्टरने मलमपट्टी केली आणि चिठ्ठीवर लिहिलं, बसून करायचं काम चालेल. हे वाक्य त्याला पाठच होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी दाराशी आली तेव्हा धाकटी अंथरुणावरच होती. थोरलीने तिला उठवलं, तिची साडी नीट करून दिली आणि म्हणाली, घरी पडून तरी काय करणार, तिथे पंखा आहे, चहा आहे, मी समोर आहे. धाकटी निमूटपणे गाडीत बसली. आपण घरच्या माणसाचं भलं केलं, असं थोरलीला मनापासून वाटलं. कीव करावी अशीच गोष्ट आहे ही, पण खरी आहे.

धाकटी सव्वीस दिवस खुर्चीत बसली. सगळे जसे बसायचे तशीच, खिडकीबाहेर बघत. घरी तिच्या मुलीच्या वेण्या थोरली घालू लागली. पट्टी निघाली, तेव्हा बोटं मिटताना अर्ध्यात येऊन अडायला लागली. एका सकाळी धाकटीने स्वतः वेणी घालायला घेतली. पेड हातातून तीनदा सुटले. मुलगी उठली आणि कंगवा घेऊन थोरलीपुढे येऊन बसली.

त्याच आठवड्यात मॅनेजरने निरोप दिला की एक तारखेपासून धाकटीने रोलरवर उभं राहावं, जमत नसेल तर राजीनामा द्यावा. थोरलीने तिच्यासाठी दुसरं काम मागितलं. मॅनेजर चिडला नाही. त्याने वही उघडून तिच्यापुढे सरकवली. गेल्या महिन्यासमोर निरंक होतं.

"तिला झालंय काय?" तो म्हणाला. "सही तुमचीच आहे ना?"

थोरली जागेवर येऊन बसली. कागदावर धाकटीचा हात ठणठणीत होता. त्या हाताच्या औषधपाण्यावर, भरपाईवर धाकटीला हक्कच सांगता येणार नव्हता, आणि ही सगळी करामत दुसऱ्या कुणाची नव्हती. आजवर किती जणांचे हात, पाय, पाठी आपण असे ठणठणीत केले, हे ती मोजायला लागली आणि घाबरून थांबली.

मग तिने कपाटातून अपघात कळवण्याचा फॉर्म काढला. त्याची घडीसुद्धा कधी मोडली नव्हती. मालकाला कधी कळलं, या रकान्यात तिने लिहिलं, त्याच दिवशी. कळवायला उशीर का झाला, इथे बराच वेळ पेन अडलं. शेवटी तो रकाना तसाच सोडून तिने फॉर्म टपालात टाकला.

घरी सांगितल्यावर धाकटीचं धाबं दणाणलं. ताई, नोकरी जाईल तुमची, ती म्हणत राहिली. पोरीचं दप्तर भरता भरता तिने ठरवूनही टाकलं की कुणी विचारलं तर आपण कानांवर हात ठेवायचे.

पाचव्या दिवशी दुपारी सरकारी अधिकारी आला. मध्यमवयीन, सर्दी झालेला माणूस. मॅनेजर शेजारी उभा राहिला. अधिकाऱ्याने धाकटीला मूठ मिटायला सांगितली, अर्धवट मिटलेली मूठ पाहिली आणि विचारलं, एवढं भाजलं होतं तर दुसऱ्या दिवशी कामावर का आलात?

"माझ्या मर्जीने आले," धाकटी म्हणाली. "घरी करमत नाही मला."

अधिकारी ते लिहून घ्यायला लागला. मॅनेजरच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. तेवढं वाक्य कागदावर उतरलं असतं तर थोरलीही सुटली असती.

"खोटं बोलतेय ती," थोरली म्हणाली. "माझ्यासाठी बोलतेय. मी उठवून आणलं तिला. फॉर्मवर जो रकाना कोरा आहे, तिथे माझं नाव घाला."

अधिकाऱ्याने नाक पुसलं आणि धाकटीला पुन्हा विचारलं, काय ते एकदा नक्की सांगा. धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने मान हलवली, सांग म्हणून.

"ताईंनीच आणलं," धाकटी म्हणाली. मग तिला थांबताच येईना. "मला नव्हतं यायचं. रात्रभर डोळा लागला नव्हता. इथे बसून हात इतका ठणकायचा की ओरडावंसं वाटायचं. पण ताई समोर बसलेल्या असायच्या. त्यांना वाईट वाटलं असतं."

सव्वीस दिवसांत थोरलीने तिला हात दुखतो का, असं एकदाही विचारलं नव्हतं.