बिनटाक्याचं

विंझरहून भोरला पोचेस्तोवर ज्ञानोबांना चार वेळा लघवीला उतरावं लागे. एसटी काही त्यांच्यासाठी थांबत नाही, म्हणून भागूबाईंनी टेम्पो सांगितला आणि नवऱ्याला दवाखान्यात आणून बसवलं. सत्तरी ओलांडलेला बाप्या, पण दवाखाना म्हटलं की हा पळ काढतो.

दर गुरुवारी पुण्याहून येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. प्रोस्टेटची गाठ वाढून लघवीची वाट दाबली गेलीय, म्हणाल्या, वयानं वाढतेच. बारीक नळीतून गाठीला वाफ द्यायची, मग ती हळूहळू आक्रसते. संध्याकाळी घरी जायचं, थोडे दिवस लघवीची पिशवी तेवढी सांभाळायची. ज्ञानोबांना ह्यातली फक्त वाफ कळली, तीही सर्दीची. बाईंनी मग सोपं करून सांगितलं.

"बिनटाक्याचं आहे हो, बाबा."

आता आमच्या वेल्ह्याकडं बिनटाक्याचं म्हणजे नसबंदी, दुसरं काही नाही. ज्ञानोबा सरळ बोलून गेले.

"ते माजं झालंय की. तीस वर्सं झाली."

भागूबाईंच्या हातात नातेवाइकाच्या सहीचा कागद होता. त्यांनी तो घडी घालून पिशवीत ठेवला. तीन मुलींच्या पाठीवर मुलगा व्हावा म्हणून ह्या बाईनं मेंगाईदेवीचे मंगळवारचे उपास धरले होते, अकरा वर्षं. ज्ञानोबांना नेमकी तेव्हाच जोराची लागली. ते अर्धे उठले.

"बसा," भागूबाई म्हणाल्या. "आदी सांगा."

ज्ञानोबांनी सांगितलं. धाकट्या मंगलच्या बाळंतपणात भागूबाई मरता मरता वाचल्या होत्या. चौथं झेपायचं नाही, असं डॉक्टरनं ज्ञानोबांना बाजूला घेऊन बजावलं होतं. पण त्यांच्या आईला नातू हवा होता, भागूबाईंनाही हवा होता आणि दोघींपुढं बोलायची ह्यांची छाती नव्हती. मग बाजाराला जातो म्हणून ते वेल्ह्याच्या शिबिरात गेले आणि येताना आठवणीनं मेथी घेऊन आले.

"तू ऱ्हायला पायजे हुतीस," ते म्हणाले.

भागूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मग त्यांना रागही आला.

"आन् म्या अकरा वर्सं मेंगाईला बोल लावला."

त्यांनी कागद काढून सावकाश सही केली.

"त्ये मंगळवार आता तुमी धरायचं. समदं."

ज्ञानोबांनी मनात वय मोजलं. ब्याऐंशीपर्यंत जात होतं. डॉक्टरीणबाईंनी मध्येच सांगितलं, की गोळ्या उपाशीपोटी चालायच्या नाहीत.

"भगर खातील," भागूबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडं वळल्या. "जावा आता. लागलीया नव्हं?"