खिडकीच्या काचेवरची नोट

मी शंभराची नोट बोलतेय. लोक मला कागद म्हणतात, पण मी मूळची कापसाची. लगदा ओला असतानाच माझ्या अंगात अशोकस्तंभाचे सिंह उमटले. ते शाईचे नव्हेत. उजेडासमोर धरल्याशिवाय दिसत नाहीत. सुरक्षेचा धागाही तेव्हाच पोटात गेला. मग नाशिकच्या छापखान्यात रंग चढले, कोरीव ठशांनी अक्षरं उठली आणि शेवटी नंबर पडला. नंबर म्हणजे आमचं बारसं! तोवर मी नुसता रंगीत कागद होते.

पुढे हातोहात फिरले. माणसांची तऱ्हा काय सांगावी! लक्ष्मी म्हणून कपाळाला लावतात आणि लगेच थुंकी लावून मोजतात.

१९९४ साली मी कळंबच्या खंडूच्या हाती आले. बिगारीचा गवंडी झाल्यावरची त्याची ती पहिली मजुरी. घरी येताच त्यानं मला उन्हात धरलं.

"जानका, ह्ये बघ! आपल्या अशोकराजाचं सिंह. नाशकात छापत्यात ह्या नोटा."

जानकाबाई बघतच राहिली. "ही मोडायची न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली.

तिनं गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि मला पूर्वेच्या खिडकीच्या काचेवर चिकटवलं. रोज सकाळी ऊन यायचं, सिंह दिसायचे आणि घर त्रिशरण म्हणायला बसायचं. मला फार धन्य वाटायचं.

मग खंडू तापानं गेला. त्यानंतर जानकाबाई सकाळी माझ्यावर तळहात ठेवून उभी राहायची. खळ मात्र कसरीच्या किडीला गोड लागली. ती मला हळूहळू कुरतडत होती, आणि मला ओरडता येत नव्हतं.

२००३ मध्ये लेकीला, कल्याणीला, नर्सिंगच्या मुलाखतीसाठी नाशिकचं बोलावणं आलं. घरात एसटीपुरतेही पैसे नव्हते.

"आई, ऱ्हाऊ दे. पुढल्या साली जाईन," कल्याणी म्हणाली.

जानकाबाई खिडकीपाशी गेली. तिनं ओलं फडकं माझ्यावर दाबून धरलं. कापसाची म्हणून मी विरघळले नाही, अलगद सुटून आले. पण सिंहांच्या जागी भोक पडलं होतं. जानकाबाईनं भोकावरून बोट फिरवलं.

"मीच खळ लावली गं!"

दुकानदारानं मला घेतलं नाही. मायलेकी मंचरला बँकेत गेल्या. खिडकीमागच्या कॅशियर हर्षालीनं मला उलटसुलट पाहिलं.

"मोठा भाग शाबूत आहे, मावशी. बदलून मिळेल. पण ही परत मिळणार नाही, नष्ट करायला जाईल."

"तुझ्या बापाच्या हातची हाय ही," जानकाबाई लेकीला म्हणाली.

"मग चल घरी. मला न्हाई जायचं," कल्याणीनं तिचा हात ओढला.

जानकाबाईनं मला शेवटचं उजेडात धरलं. भोकातून तिला समोर उभ्या लेकीचा चेहरा दिसला. कितीतरी वेळ ती तशीच बघत राहिली. मग तिनं मला खिडकीतून आत सरकवलं.

आता मी फाटक्या नोटांच्या गड्डीत पडून आहे. लवकरच माझे तुकडे होतील. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? तुमच्या घरी कुणाची आठवण असेल तर जीव लावून जपा, पण वेळ आली की जाऊ द्या. जानकाबाईनं दिलंच ना! हातातून सोडताना ती मला हळूच म्हणाली होती,

"जा बाई. माझी लेक आता तुझ्या गावाला चाललीय."