आधी तू, मग मी

बळवंतराव दिघ्यांचा झिंगे मास्तर पाहिला नाही असा माणूस त्या काळी अंधेरीत शोधून सापडला नसता. दुसऱ्या अंकात झिंगे मास्तर खांबाला मिठी मारून बायकोला सांगायचा, "देवाशपथ, थेंब घेतलेला नाही!" आणि लोक थिएटर डोक्यावर घ्यायचे. काय अभिनय करतो हा माणूस! अभिनय कसला, कपाळ! दहाच्या दहा प्रयोगांना बळवंतराव खरोखरच पिऊन उभे असत, आणि खांब सुटला तर पडायची भीती असे.

ते वाक्य त्यांना आपणहून कधी आठवलं नाही. विंगेतून लहू प्रॉम्प्टर पहिला शब्द पुटपुटायचा, "देवाशपथ…", मग पुढचं तोंडातून यायचं. लहू वेसाव्याचा कोळी, सातवी शिकलेला, स्वभावानं गरीब.

बाटलीच्या बाबतीतही लहूच आधी. दारूबंदीचे दिवस होते. चोरून आणलेल्या दारूत काय मिसळलं असेल याचा नेम नसायचा. माणसं आंधळी व्हायची, मरायची. म्हणून बळवंतरावांनी एक पद्धत पाडली होती. नवी बाटली आली की पहिला ग्लास लहूपुढे करायचा. "आधी तू, मग मी." एक दिवस जाऊ द्यायचा. दुसऱ्या दिवशी लहू धडधाकट दिसला की बाटली बळवंतरावांची. लहू स्वतःहून कधी दारूला शिवला नाही, पण साहेबांसाठी नाक दाबून प्यायचा. आणि साहेब ते बघत बसायचे. माणूस इतका नीच होऊ शकतो, हे त्यांना तेव्हा कळत नव्हतं असंही नाही.

सदुसष्ट सालच्या एका रविवारी दुपारच्या प्रयोगाला लहू विंगेत उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, वहीवर धुकं आलंय." तिन्ही अंक त्यानं पाठ म्हटले. शेवटी पडदा पडला, तोही त्याला दिसला नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला. वेसाव्यात बोभाटा झाला, सखुबाईचा नवरा दारू पिऊन मेला.

बळवंतरावांनी उरलेली बाटली मोरीत ओतली. मग मुलुंडच्या एका डॉक्टरांकडे सहा आठवडे थरथरत, ओकत काढले आणि त्यातून उठले. पुढे पेपरात सगळं छापून आणलं. बाजाच्या पेटीच्या खोक्यात बाटल्या कशा लपवायचो, बायको माहेरी कशी निघून गेली, काही राखून ठेवलं नाही. लोकांनी वाहवा केली. एवढा मोठा नट आणि किती मोकळेपणानं बोलतो! लहूचं मात्र त्यात अक्षर नव्हतं.

आणि तेव्हापासून डाव्या कानात लहू बोलू लागला. दुकानात साखर मागायला तोंड उघडावं, तर आधी कानात, "साखर…" आरशापुढे दाढी करताना मानेशी त्याचा श्वास लागे. बळवंतराव वळून बघायचे नाहीत. कोण दिसेल याचीच भीती वाटायची.

दोन वर्षांनी वेसाव्याच्या दारूबंदी मंडळाचा भीमराज त्यांना भाषणाला बोलवायला आला. "आमच्या लहूचंच बघा ना," तो म्हणाला. "स्वतः गेला तो गेला, पोरीचीही वाट लागली. जयाचं ठरलेलं लग्न मोडलं. दारुड्याची पोर नको म्हणाले." बळवंतरावांनी तिथल्या तिथे ठरवलं, सखुबाईच्या समोर खरं सांगायचं. नाही सांगितलं, तर त्या पोरीचं आयुष्यही आपल्याच हिशेबी.

संध्याकाळी पाचला मांडव भरला. पलीकडे बांबूंवर बोंबील वाळत होते. बळवंतराव उभे राहिले. "दोन वर्षं झाली, मी…" म्हणाले, आणि कानात आलं, "देवाशपथ…" तोंडाला सवय होती.

"देवाशपथ, थेंब घेतलेला नाही!"

मांडव हसून कोसळला. जन्मात पहिल्यांदा ते वाक्य खरं होतं, आणि कुणाचा म्हणून त्यावर विश्वास नव्हता. बळवंतरावांचा हात मांडवाच्या खांबाकडे गेला. हसू आणखी वाढलं, आणि त्यांना ते गोड लागलं. मग पुढच्या रांगेत सखुबाई दिसली. तिच्या शेजारी जया. दोघी हसत नव्हत्या.

त्यांनी खांब सोडला. पुढच्या शब्दासाठी कान दिला. कान रिकामा होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"लहूनं स्वतःहून कधी दारू प्यायली नाही," ते म्हणाले. "मी पाजायचो. विषारी आहे का, ते बघायला. आधी तो, मग मी."

लोक पुन्हा हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "झकास, मास्तर!"

सखुबाई उठली आणि मंचाला येऊन भिडली. "परत बोल," ती म्हणाली.

"सखुबाई, मी तुमचा गुन्हेगार…"

"मना नाय. यांना सांग. यांना अजून नाटक वाटतंय." आणि तिनंच सुरुवात करून दिली, "लहूनं…"

बळवंतरावांनी सगळं पुन्हा सांगितलं. मागे थोडं हसू उरलं होतं. ती पुन्हा म्हणाली, "लहूनं…" तिसऱ्या वेळी मांडवात कुणी हसलं नाही. भीमराज खाली बघत होता. जया पदर तोंडात कोंबून रडत होती.

"दोन वर्सं मी त्याच्या फोटोला शिव्या घातल्या," सखुबाई म्हणाली. "रोज." मग तिनं डोळे पुसले. "चल. जयाचं मोडलं ना, त्यांच्या दारात चल. तिथं बोल."

तीन गल्ल्या पलीकडे ते घर होतं. सखुबाईनं कडी वाजवली आणि ती बाजूला झाली. दार उघडलं. घरचा म्हातारा समोर उभा राहून बघत होता. विंगेकडे कान द्यायच्या जुन्या सवयीनं बळवंतरावांनी मान डावीकडे वळवली.

"आधी तुम्ही, साहेब," लहू कानाशी म्हणाला. "मग मी."