चार पत्त्यांचा डॉक्टर

विमा कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीवर बाईंनी अठ्ठावीस वर्षं काढली, आणि एवढ्या काळात एकाही माणसाला त्या नाही म्हणाल्या नाहीत. त्या फक्त 'यादीत बघा' म्हणायच्या. सरकारी विम्यावर उपचार करणारे डॉक्टर कोणकोणते, याची ती यादी. बाईंनीच केलेली, त्यामुळे तिच्यात किती दम आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

दर सोमवारी अकराला एका रंगाऱ्याचा फोन यायचा. परांचीवरून पडून त्याचा खांदा धरला होता. बाई वहीत त्याचा नंबर लिहायच्या आणि म्हणायच्या, "यादीत बघा." ऑफिसात त्याचं नावच सोमवार पडलं. वर्षभराने फोन बंद झाला, तेव्हा बाईंना वाटलं होतं, बरा झाला असेल.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी बाईंना झटका आला. जीव वाचला, पाय महिन्याभरात चालू लागला, पण उजवा हात फुकट्या पाहुण्यासारखा मांडीवर पडून राहिला. इस्पितळातून सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुनर्वसनाच्या डॉक्टरांना दाखवा, लगेच. हाताचं जे काही परत यायचं ते बरंचसं पहिल्या सहा महिन्यांत येतं."

घरी बाईंची वेणी मास्तर घालू लागले. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. जन्मभर शाळेत कवायत शिकवलेला माणूस, 'एक-दोन, एक-दोन' करत केस ओढायचा.

"अहो, उद्या मी मेले तरी चालेल," बाई म्हणाल्या, "पण ही वेणी घालून नाही."

विम्याबाहेरच्या डॉक्टरची फी ऐकून मास्तरांनी फोन हळूच खाली ठेवला आणि यादी काढली. पुनर्वसनाचे चार डॉक्टर होते. मास्तर खूश झाले. बाईंनी मान फिरवली.

"चार नाहीत हो. एकच आहे."

नियम असा होता की प्रत्येक विभागात असे किमान चार डॉक्टर हवेत. होता एक. मग बाईंनी त्यालाच चार पत्त्यांवर बसवलं: दवाखाना, धर्मादाय इस्पितळ, त्याचं घर, आणि चौथा पत्ता त्याच्या वहिनीचा, कारण गुरुवारी तो तिथे जेवायला जायचा. वरून शाबासकीचं पत्र आलं होतं. ते अजून कपाटात होतं.

मास्तरांना हे पटेना. त्यांनी चारही ठिकाणी फोन केले. वहिनी म्हणाली, "जेवायला यायचे, आता तेही बंद केलंय. आणि तुमचा विमा त्यांनी सोडून सहा वर्षं झाली. कोणी चार नंबरच्या खिडकीवरची बया होती म्हणे, तिने त्यांचा मुदतवाढीचा अर्ज अकरा वेळा परत पाठवला."

मास्तरांनी बयेकडे पाहिलं. बया खिडकीबाहेर बघत होती. मनात तिला स्वतःची भयंकर लाज वाटत होती, पण मास्तरांसमोर ती कबूल करण्याची सोय नव्हती.

दोन महिने असेच गेले. मग मात्र बाई उठून त्या डॉक्टरांकडे गेल्या.

"या," डॉक्टर म्हणाले. "पान नऊ, शिक्का पुसट. आठवतंय मला. काय हवंय?"

बाईंनी डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो बराच वेळ पाहिला, बोटं उघडली, मनगट वळवलं.

"परत विम्यात येतो," ते म्हणाले. "पण तो चौदा पानी अर्ज मी भरणार नाही. तुम्ही भरा. उजव्या हाताने."

त्यांनी पेनाला जाड स्पंज गुंडाळून दिला. बाईंनी पहिलं पान भरायला आठवडा घेतला. अक्षरं चौकटीबाहेर सांडली होती. डॉक्टरांनी कागद बघितला आणि परत त्यांच्याकडे सरकवला.

"नामंजूर?" बाईंनी विचारलं.

"छे. परत पाठवलंय फक्त," डॉक्टर म्हणाले. हे वाक्य बाईंचं स्वतःचं होतं.

पुढच्या वेळी ते म्हणाले, "खांदा उचलून लिहिलंय. तसा अर्ज चालत नाही." त्याच्या पुढच्या वेळी, "अंगठा आत घेतलात. रोज दोनशे वेळा बोटं उघडमीट करा, मग पान तीन." बाई घरी येऊन चडफडायच्या, की हा माणूस सूड घेतोय. चौथ्या खेपेला परत येताना त्यांच्या लक्षात आलं, की उजव्या हातात पिशवी आहे. कागदोपत्री त्या पेशंट नव्हत्याच, नुसत्या अर्ज घेऊन येणाऱ्या बाई होत्या, आणि डॉक्टर त्यांच्यावर गुपचूप इलाज करत होते. त्या रस्त्यातच थांबून रडल्या.

अर्ज अकरा वेळा परत आला. बाराव्यांदा चौदाही पानं स्वच्छ होती. त्या सकाळी बाईंनी आपली वेणी आपण घातली. वाकडी आली, तरी मास्तर दिवसभर ती मागून बघत होते.

चार नंबरच्या खिडकीवर आता एक चुणचुणीत मुलगी होती. तिने अर्ज चाळला. "मावशी, पान नऊ. शिक्का पुसट आहे."

बाईंनी पिशवीतून डॉक्टरांचा शिक्का आणि पॅड काढलं. उजव्या हाताने शिक्का असा हाणला की खिडकीची काच थरथरली. मुलीने मुकाट्याने पोच दिली.

महिन्याभरात मंजुरी आली. "विम्याचा पहिला केसपेपर तुमचाच," डॉक्टर म्हणाले.

"माझा दुसरा," बाई म्हणाल्या. वर्षभर वहीत लिहिलेला त्या रंगाऱ्याचा नंबर त्यांना पाठ होता. तो त्यांनी उजव्या हाताने लावला.

"मी विमा कार्यालयातली. चार नंबरची खिडकी," त्या म्हणाल्या. "खांद्याचा डॉक्टर मिळालाय. खरा. मी तेव्हा तुम्हाला उगाच..."

पलीकडे रंगाचा डबा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आता डाव्या हाताने रंगवतो मी," सोमवार म्हणाला. "बघतो. यादीत बघून सांगतो." आणि त्याने फोन ठेवला.

पुढच्या सोमवारी दवाखाना उघडायच्या आधीच बाई तिथे पोचल्या. अकरा वाजेपर्यंत त्यांनी पहिल्या केसपेपरवर कोणाचंही नाव लिहू दिलं नाही.