चिंचगल्लीची भरलेली टाकी

मित्रांनो, मी चिंचगल्लीच्या तोंडाशी बसलेली लोखंडी टाकी. वय झालंय माझं, पण डबडं म्हणाल तर खबरदार! गेवराईला सिद्धाराम मिस्त्रीनं माझे पत्रे ठोकले, सांधे जोडले आणि पाणी भरून तीन दिवस उन्हात ठेवलं. थेंब गळला नाही. तेव्हापासूनचा माझा ताठा.

नगरपालिकेनं मला इथं ओट्यावर बसवलं. गल्लीला नळ नव्हता. आठ दिवसांनी टँकर यायचा, मला भरून जायचा, आणि बायका माझ्या चार तोट्यांवर तुटून पडायच्या. भांडणं माझ्यासमोर, सोयरिकीची बोलणीही माझ्यासमोर. किराणा दुकानाची नीलम्मा गल्लीत सगळ्यांत मोठी. तिच्या शब्दावर रांग हलायची. आणि शेळ्या राखणारी कडूबाई दर टँकरआधी माझ्या पोटात उतरून मला काथ्यानं घासायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी कौतुकही केलं नाही. "हिच्या पोटातलं लेकरांच्या पोटात जातंय," एवढंच म्हणायची. त्याच कडूबाईची मी अपराधी आहे.

शहरात नवी पाइपलाइन यायची होती. कुठल्या गल्लीत आधी खोदायचं हे ठरवायला वर्षाराणी मॅडम, पालिकेच्या इंजिनिअर, पाहणीला येणार असा निरोप आला. टँकर येऊन सहा दिवस झालेले. मी कोरडी ठणठणीत.

नीलम्मानं बायका गोळा केल्या. "पाव्हणी यायलीय अन् तिच्यापुढं रिकामी टाकी ठिवायची? आपल्यात रिकामी घागर घिऊन कुनाच्या सामोरं जात न्हाईत. भरा हिला!"

"आवं, पानी न्हाई म्हनूनच ती यायलीय," कडूबाई म्हणाली. "कावून भरायची? कशापायी?"

"तुला काय कळतंय? शेळ्यामागं जिंदगी गेली तुझी. गल्लीची इज्जत हाय ती!"

"इज्जत पिता येती का?" कडूबाई पुटपुटली. पण घरातल्या दोन घागरी तिनंही आणून ओतल्या. घराघरातलं प्यायचं पाणी माझ्यात आलं. मला पुसलं, हळदीकुंकू लावलं, ओट्यावर रांगोळी काढली.

खरं सांगू? मी फुगले. मॅडमनी झाकण उघडलं, तर काठोकाठ पाणी आणि त्यात आभाळ.

"छान आहे की! काही अडचण?" त्यांनी विचारलं.

"देवाच्या दयेनं काई कमी न्हाई बघा," नीलम्मा बोलून गेली. पाहुण्याला असंच सांगतात. मॅडम मात्र पाहुण्या नव्हत्या. त्यांनी वहीत लिहिलं, पाणी पुरेसं.

मग शेजारच्या गल्ल्या खोदल्या गेल्या, घरोघर नळ आले. चिंचगल्ली यादीत शेवटी गेली. "पाणी पुरेसं" म्हटल्यावर टँकरही पंधरा दिवसांवर गेला. बायका शेजारच्या गल्लीतून पाणी आणू लागल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात दोन घागरी घेऊन येताना कडूबाई तिथं पाइपासाठी खोदून न बुजवलेल्या चरात घसरली. खुबा मोडला.

दोन महिने झाले तरी ती खाटेवरून उठेना, तेव्हा नीलम्मा माझ्याजवळ आली आणि तळहातानं माझ्या पत्र्यावर एक रट्टा दिला. ठण्ण वाजलं. ती तिथंच खाली बसली. "मीच भरायला लावली गं तुला," म्हणाली. दुसऱ्या दिवशी जन्मात कधी न गेलेली बाई पालिकेत गेली आणि मॅडमना घेऊनच आली.

ह्या खेपेला रांगोळी नव्हती. नीलम्मानं स्वतः झाकण काढलं. "वाका मॅडम, आत बघा. त्या दिवशी आमी खोटं दाखवलं. घरातलं पानी ओतलतं."

"मावशी, तेव्हाच का नाही सांगितलंत?" मॅडमचा आवाज माझ्या पोटात घुमला.

"लाज वाटली बाई. आता त्याच्याहून जास्त वाटायलीय."

मॅडमनी माझा गंज पाहिला, तळाचा गाळ पाहिला. कडूबाई पडल्यापासून मला घासायला कुणी उतरलंच नव्हतं. मला वाटलं, भुईनं पोटात घ्यावं. पण त्याच उघड्या पोटामुळं यादी बदलली. चार महिन्यांत पाइप आले. आता दर चौथ्या दिवशी पाऊण तास नळ वाहतो, आणि पालिकेच्या कामाबद्दल नीलम्मा एकाच तोंडानं शिव्याही देते आणि शाबासकीही.

माझं आता काम उरलं नाही. कुणी झाकण पळवलं, कुणी आत कचरा टाकतं. त्याचं मला दुःख नाही. पण मित्रांनो, तुमच्या गल्लीत कुणी विचारायला आलं, काय कमी आहे, तर नटूनथटून उभे राहू नका. जे रिकामं आहे ते उघडून दाखवा. आणि तुमच्यासाठी जी मुकाट्यानं राबते, तिनं "कावून" विचारलं तर जरा थांबून ऐका.

कडूबाईच्याही दारात नळ आहे, उंबऱ्यापासून चार पावलांवर. पाणी आलं की ती खाटेवरून त्याचा आवाज ऐकत पडते. चार पावलं तिला चालवत नाहीत.