ओझर रोडचा एक गुंठा

खोली नीट बघून घ्या. वर पत्रा न्हाई, स्लॅब हाय. मोरी आतच हाय आणि नळाला एक दिवसाआड पाणी येतं. भाड्याचं आपण मागनं बोलू. माझी अट एकच. पुढंमागं तुमी स्वतःच्या घरासाठी जागा बघायला जाल, सगळेच जातात, तवा मला संगं बोलवायचं न्हाई. हसताय काय? बसा. बाळाला सतरंजीवर ठेवा. चहा टाकते, तवर सांगते.

माझे मालक भगवंत, गवंडी व्हते. ह्या नारायणगावात त्यांच्या हातची लई घरं हायेत. वीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली घमेली उचलली. कुणी जागा घ्यायचं म्हणलं की आधी मालकांना न्यायचं. मालक हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल खड्डा घ्यायचे. निघालेली माती परत त्याच खड्ड्यात भरायची. वर शीग लागली तर जागा भरघोस. काठोकाठ भरली तर बरी. कमी पडली तर नमस्कार करून माघारी फिरायचं. मालक गेले, मग लोक मला बोलवाय लागले. रांडाव बाईला पूजेच्या दिवशी कोणी पुढं उभं करत न्हाई, पण खड्ड्याला ठमाबाई पायजे. मीबी जायची. मालकांचा मान म्हणून जायची.

तर ह्याच खोलीत सुदर्शन आणि वृषाली राहायला आली. सुदर्शन डेअरीत दुधाची फॅट काढायचा. मूळचा आंबेगाव तालुक्यातला, डिंभ्याच्या धरणाखाली त्यांचं घर गेलेलं. लग्न झाल्यावर बायकोला घेऊन गेला आणि पाण्याकडं बोट करून म्हणाला, हितं आपलं घर. वृषालीनं मला हे सांगितलं तवा ती हसत व्हती, पण डोळे काय हसत नव्हते. नवी नवरी गेली आणि पाणी बघून आली.

ती ब्लाऊज शिवायची. रविवारी काम नसलं की तिच्या टेलरच्या खडूनं माझ्या ओट्यावर घर काढायची. हे सैपाकघर, ही खोली, हितं खिडकी. मग श्रेया झाली, हितंच झाली, माझ्या हातात. ती पावलं टाकाय लागली तर वृषाली तिला म्हणायची, "भिंतीतनं नको येऊ गं, दारातनं ये." दिवस मावळायला ओलं फडकं घेऊन सगळं घर पुसून टाकायची. मी म्हणायची, ऱ्हाऊ दे की, माझी फरशी काय झिजती? तर म्हणायची, "न्हाई मावशी, दुसऱ्याची जागा हाय." दुसऱ्याची म्हणलेलं मला लई लागायचं.

मला ना पोर ना बाळ. श्रेया माझ्या मांडीवर झोपायची. आईनं उचलून नेली तर रडायची. माझ्याशिवाय भाताचा घास खायची न्हाई. हे ध्यानात ठेवा, मग पुढचं कळंल.

सत्त्याण्णव सालात गेणभाऊनं ओझर रोडचं रान गुंठ्या-गुंठ्यानं विकाय काढलं. आता मोठे बंगले दिसतात ना, तेच. तवा नुसतं रान, फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या. माझ्या दारापासनं दोन फर्लांग. सुदर्शनच्या ऐपतीत बसत व्हतं. थोडं डेअरीतनं, थोडं तिच्या शिवणाचं. दोघं रातदिन तेच बोलायची. वृषाली म्हणाली, "मावशी, तुमी खड्डा बघा. तुमी हो म्हणलं की आमी इसार देतो."

मी गेले. खड्डा घेतला. माती बघताक्षणी कळलं, जागा चांगली हाय. वर वीतभर काळी, खाली पक्का मुरूम. मालक असते तर खड्डा न भरताच म्हणाले असते, बांधा. सुदर्शन आणि गेणभाऊ बांधावर तंबाखू मळत व्हते. वृषाली पोरीला कडेवर घेऊन रेघेवरनं पावलं मोजत व्हती. मला पाठमोरी व्हती ती. आणि मला एकदम दिसलं की उद्या ही पोर ह्या घरात झोपणार, आणि मी माझ्या घरात एकटी भिंतीकडं बघत बसणार.

माझा पदर कमरेला खोचलेला व्हता. त्यात मी माती भरली. चार ओंजळी. मग पाचवीबी भरली.

मग खड्डा भरला. बोटभर कमी.

वृषाली खाली बसली. खड्ड्यातली माती बोटानं दाबून बघितली. म्हणाली, "मावशी, जास्त दाबून तर न्हाई ना भरली?" मी म्हणलं, मालकांनी भरली असती तशीच भरली. मेलेल्या माणसाला मधी घातलं मी. ती उठली. फक्कीची रेघ ओलांडून रस्त्यावर आली. पावलं मोजताना दारासाठी जी जागा तिनं धरली व्हती, तिथनंच आली.

घरी येऊन ती माती मी तुळशीत टाकली. फेकायला कुठं जाणार? तुळस चांगली झाली त्या वर्षी.

मग नऊ वर्षं जागा बघणं चाललं. बसस्टँडमागं फ्लॅट निघाले. कागदावर पाचशे फूट, मी आत चालून बघितलं तर माझ्या ह्या घराएवढंबी न्हाई. बाकीचे फूट जिन्यात आणि गच्चीत गेले म्हणं. बोरी बुद्रुकला एक जुनं घर स्वस्तात मिळत व्हतं, तर सातबाऱ्याला आठ नावं, त्यातला एक जण सुरतला, तो जिता हाय का मेला कुणाला ठाव न्हाई. ह्या खोटी खऱ्या व्हत्या बरं का, मी काढलेल्या नव्हत्या. पण दर वेळी ती दोघं तोंड पाडून माघारी आली की मी मटकीची उसळ टाकायची. मला बरं वाटायचं. आता सांगायला लाज वाटती, पण बरं वाटायचं.

आणि तिकडं ओझर रोडच्या त्या गुंठ्यावर भोसरीच्या एका माणसानं बंगला बांधला. दुमजली. वृषाली भाजीला जाता-येता बघायची. एकदा म्हणाली, "मावशी, माती कमी पडली तरी ह्याच्या भिंतीला तडा कसा न्हाई?" मी म्हणलं, आतनं असतील, बाहेरनं दिसत न्हाईत. तिला पटलं. माझं सगळंच पटायचं तिला.

दोन हजार सहाला सुदर्शन म्हणाला, आता नारायणगावात आपल्याला जमत न्हाई. भाव आठपट झाले व्हते. तो बेल्ह्याला जागा बघून आला, बैलबाजाराच्या मागं. "मावशी, खड्ड्याला तुमीच पायजे," वृषाली म्हणाली. श्रेया तवा दहा वर्षांची. ती माझ्याकडं बघत व्हती. मी सकाळी तुळशीतली माती काढली, पदराच्या टोकाला गाठ मारून घेतली. का घेतली म्हणाल तर मला न्हाई ठाव. तिची ती तिला द्यायची, एवढंच वाटलं.

आळेफाट्याला एसटी बदलली. जागा मुरमाड. मुरूम म्हंजे पाया कधी हलायचा न्हाई. पण खणताना दगड बाजूला फेकले गेले, आणि भरताना खड्डा अर्धं बोट कमी पडाय लागला. खरंच कमी. सुदर्शन बाजूला जाऊन उभा ऱ्हायला, त्याला बघवत नव्हतं. वृषालीनं पोरीचा हात गच्च धरला.

बघा, मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप बसायचं व्हतं. गप बसले असते तर त्याच एसटीनं आमी चौघं घरी आलो असतो, आणि ती कधीच गेली नसती. पुढच्या साली बेल्हंबी त्यांच्या हाताभायेर गेलं असतं.

मी म्हणलं, "वृषाली, बाजारातनं नारळ आण. पोरीला घेऊन जा." ती वळली आणि मी गाठ सोडली. माती पडली. शीग लागली, चांगली टोपीएवढी. नारळ घेऊन आली तर शीग बघून तिथंच रडाय लागली. नारळ माझ्या हातात दिला. "तुमीच फोडा, मावशी." मी म्हणलं, अगं मी कशी फोडू. तर म्हणाली, "तुमीच." मी फोडला.

आता दोन वर्षं झाली. दोन खोल्या बांधल्यात, पुढं पडवी. फोन करती दर अमावस्येला. परवा म्हणाली, "मावशी, भिंतीला एक रेघ न्हाई. त्या ओझर रोडला आमी फसलो असतो, तुमी वाचवलं." शेजारणींनाबी हेच सांगती. मी दोनदा खरं सांगायला तोंड उघडलं. दोनदा तिनंच म्हणलं, तुमच्यासारखं माणूस नसतं तर आमचं काय झालं असतं. मग मी म्हणते, व्हय गं बाई, आणि फोन ठेवते.

दोन फर्लांग व्हतं हो. हितनं हाक मारली असती तर श्रेया पळत आली असती. भाकरी तव्यावरनं काढून गरम नेली असती मी, झाकायचीबी गरज पडली नसती. आता एसटी बदलून जायचं, तर पोचंपर्यंत वातड होती. पोरगी आता शाळेत पहिली-दुसरी येती म्हणं. मी न्हाई बघितली तिला ह्या दिवाळीपासनं. आठवण येती. लई येती.

तर अशी अट हाय. जागा बघा, लवकर बघा, आणि ऐपतीत बसली की घेऊन टाका. खड्ड्याला दुसऱ्या कुणाला न्या. ओट्यावर काय काढायचं असलं तर काढा, पुसू नका.

बाळ उठलं वाटतं. किती महिन्यांचं हाय? सात? आणा हिकडं, मी घेते जरा, तुमी चहा प्या.

न्हाई, नको. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या.