काळा ठोकळा

बंद पडलेल्या गुप्त मंडळांचं सामान मी गोळा करतो. गॅरेजमध्ये चौदा तलवारी, सहा झगे आणि चाकांवरचे तीन लाकडी बोकड आहेत. गाडी बाहेर पावसात असते. बायको लोकांना सांगते की मला मासे धरण्याचा नाद आहे.

नेब्रास्कातल्या आमच्या भागात कंदीलधारी बंधुमंडळाची एकच शाखा उरली होती, बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीवर. सभासद दोन: व्हर्लिन श्टूर, वय अठ्ठ्याऐंशी, आणि डेल्मर ह्रुस्का, चौऱ्याऐंशी. त्यांच्याकडे अक्रोडाच्या लाकडाची मतपेटी होती. पांढरी गोटी म्हणजे होकार, काळा ठोकळा म्हणजे नकार, आणि एक जरी ठोकळा निघाला तरी ठराव पडला. अकरा वर्षं मी त्या पेटीच्या मागे होतो.

जूनमध्ये दोघं एकदम विकायला तयार झाले.

"माझं काही नाही रे गेलन," व्हर्लिन मला खाली गाडीपाशी म्हणाला. "पण डेल्मरचे गुडघे गेलेत. माझ्यासाठी म्हणून दर मंगळवारी सभेला जिना चढतो. मी थांबवलं नाही तर मरेपर्यंत चढेल, असला हट्टी आहे. मला काय, घरी टीव्ही आहे."

संध्याकाळी डेल्मरचा फोन आला. "व्हर्लिनला आता धड दिसत नाही, तरी माझ्यापायी गाडी हाकत येतो. परवा कुणाची तरी टपालपेटी उडवली. विकून टाकू सगळं. त्याला सांगू नकोस हं, पण मंगळवार गेला की मला सोमवार कुठला नि बुधवार कुठला, कळायचं नाही."

मी दोघांनाही बरं म्हटलं. पेटी हवी होती मला.

अडचण नियमाची होती. विक्रीच्या ठरावाला तीन सभासद लागतात आणि तिसरा मार्चमध्ये वारला होता. म्हणून आधी मला सभासद करायचं ठरलं. माझ्यावर गुप्त मतदान झालं. कुणी काय टाकलं ते एकमेकांना कळू नये म्हणून दोघं पाठीला पाठ लावून उभे राहिले. दोन पांढऱ्या गोट्या निघाल्या. मग नव्या सभासदाच्या रिवाजाप्रमाणे डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांनी मला शाखेच्या लाकडी बोकडावर बसवलं. घरी तीन बोकड असूनही मी पडलो.

"छान पडलास," डेल्मर म्हणाला. "मी पडलो तेव्हा दात गेला होता."

शपथ व्हर्लिनने तोंडपाठ म्हटली. 'बंधूला एकटा बसू देणार नाही' या ओळीवर त्याचा आवाज गेला. डेल्मरने ती पुरी केली आणि खिडकीकडे बघत राहिला. मला त्या दोघांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

मग पेटीसकट सगळं सामान विकण्याचा ठराव त्याच पेटीत मताला टाकला. एकेकाने आत हात घातला. आत दिसत नाही, बोटांनाच कळतं: गोटी गोल, ठोकळ्याला कडा.

व्हर्लिनने पेटीचा खण ओढला. दोन गोट्या, एक काळा ठोकळा.

"ठराव पडला," व्हर्लिन म्हणाला आणि चष्मा पुसू लागला.

जिन्यात डेल्मर मागे रेंगाळला. माझी बाही धरून कुजबुजला, "व्हर्लिनचा होता तो. नाही सोडवत रे त्याला. येईन मी, गुडघे गेले खड्ड्यात." त्याचे डोळे भरले होते.

खाली व्हर्लिनने मला बाजूला घेतलं. "डेल्मरने टाकला. बघितलंस? म्हातारा तोंडाने कबूल करायचा नाही." तो इतका खूश होता की चुकीच्या गाडीला किल्ली लावत होता.

मी दोघांनाही सांगितलं, मत गुप्त असतं.